वाट नाकातून, मूळ दाताशी

आमच्या मामांची वरची डावी दाढ ऐन गळिताच्या हंगामात दुखायला लागली. ऊस तोडायला आलेला, टोळी आज येते की उद्या याचा पत्ता नाही. अशा वेळी कराडला जाऊन दातांच्या डॉक्टरपुढे आ वासून बसायला सवड कुणाला? मामींनी कापसाच्या बोळ्यावर लवंगेचं तेल घालून दिलं. दोन-तीन रात्री तळमळून काढल्या आणि चौथ्या दिवशी ठणका आपसूक थांबला. "बरी झाली बघ दाढ," मामा म्हणाले, आणि आम्हालाही ते पटलं. खरं तर दाढ मेली होती. आतली नस कुजून गेली की दुखायला काही उरतच नाही.

सात-आठ वर्षांनी मामांना डाव्या नाकपुडीत घाण वास यायला लागला. शेजारी बसलेल्याला काही जाणवायचं नाही, वास फक्त त्यांनाच. सर्दीची औषधं झाली, वाफारे झाले, नाकाचं हाड वाढलंय असंही कुणी सांगून पाहिलं. शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढायला लावला. गालाच्या हाडामागे लिंबाएवढी गाठ निघाली, आणि तिचा देठ त्याच जुन्या दाढेच्या मुळाशी. डॉक्टर म्हणाले, "तोंडातून कापायची गरज नाही, दुर्बिणीने नाकातूनच करू." घरी आल्यावर मामींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: गाठ जबड्यात, तर ती नाकातून कशी निघेल?

प्रश्न अगदी रास्त आहे. तो ज्यांच्या घरात आज विचारला जात असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

वरचा जबडा म्हणजे भरीव हाड, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात गालाच्या मागे, डोळ्याच्या खाली आणि दाढांच्या वर तो आतून पोकळ असतो. या पोकळीला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण 15 मिलिलिटरची, म्हणजे तीन लहान चमच्यांत मावेल एवढी. तिच्या तळाला दाढांची मुळं टेकलेली असतात, काहींच्या तोंडात तर मूळ आणि पोकळी यांच्यामध्ये नुसती पातळ त्वचा उरते. पोकळीची आतली भिंत हीच नाकाची बाहेरची भिंत. म्हणजे वरची दाढ, सायनस आणि नाक या एकाच चाळीतल्या तीन खोल्या आहेत. एकीत गळती लागली की ओल दुसरीच्या भिंतीवर उमटते. मामांच्या दाढेचा वास नाकात आला तो असा.

सर्दी-सायनसचा त्रास सहसा दोन्ही बाजूंना होतो. एकाच नाकपुडीतून पू येत असेल, एकाच बाजूला दुर्गंध येत असेल, तर त्या बाजूच्या वरच्या दाढा तपासून घ्या. नाकाची औषधं महिनोन्‌महिने घेऊन गुण येत नाही, अशा कितीतरी रुग्णांचं मूळ दातांत सापडतं. गाठीची आणखी काही लक्षणं सांगायची तर हिरडीवर न दुखणारा फुगवटा, दाबल्यावर अंड्याच्या कवचासारखं कुरकुरणारं हाड, कारण नसताना हलायला लागलेला किंवा सरकलेला दात, अचानक घट्ट व्हायला लागलेली कवळी, तोंडात मधूनच येणारी खारट-कडवट चव. बऱ्याच जणांना मात्र काहीच होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये गाठ दिसते आणि घरात घबराट उडते.

म्हणून आधी हे समजून घ्यायला हवं की एक्स-रेमध्ये दिसणारी प्रत्येक गोल सावली कापून काढायची नसते. सायनसच्या तळाशी घुमटासारखी दिसणारी एक साधी श्लेष्म-गाठ असते. आतल्या त्वचेतली एखादी ग्रंथी तुंबली की ती होते, बहुधा काही त्रास देत नाही आणि पुष्कळदा तिला हातही लावावा लागत नाही. अहवालात 'सिस्ट' हा शब्द वाचून लगेच ऑपरेशनची तारीख घेणाऱ्यांनी ही गाठ कुठल्या जातीची आहे, हे आधी विचारावं.

जाती बऱ्याच आहेत, त्यांतल्या चार-पाच ओळखीच्या असलेल्या बऱ्या. सगळ्यांत जास्त आढळते ती मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी, मामांची तीच. मुळाच्या टोकाला जुनाट जंतुसंसर्ग राहतो, त्याभोवती पिशवी तयार होते, आत पाणी साचत जातं आणि ती हाडाला सरकवत वर्षानुवर्षं सावकाश मोठी होते. दुसरी असते न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवतीची. अक्कलदाढ किंवा सुळा हिरडीत अडकून राहिला की त्याच्याभोवती ती धरते, आणि कधी कधी दातालाच ढकलत सायनसमध्ये पार डोळ्याच्या खोबणीच्या तळापर्यंत नेऊन ठेवते. तिसरी केरॅटोसिस्ट, जरा वात्रट. तिच्यात चक्क्यासारखा पांढरा ऐवज असतो आणि काढल्यावरही ती परत येण्याची खोड सोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला ट्यूमरच्या यादीत घातलं आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणलं. तिच्या स्वभावाबद्दल तज्ज्ञांमध्येच किती चर्चा चालते, हे त्यावरून कळेल. उरलेल्या दोन दातांपासून होत नाहीत. एक पुढच्या पटाशीच्या दातांमागे, टाळूच्या मधोमध होते. दुसरी नाकपुडीच्या बुडाशी ओठाच्या वर येते. गालावरची वळी भरून येते आणि नाकपुडीची कड उचलल्यासारखी दिसते.

या शेवटच्या दोन गाठींना नाकाचा तळ अगदी लागून असतो. नाकपुडीच्या बुडाची गाठ तर नाकाच्या आत फुगवटा करूनच बसलेली असते. तिचं नाकाकडचं छप्पर दुर्बिणीखाली कापून उघडं केलं की काम झालं. ओठाखाली चिरा नाही, टाके नाहीत. सगळ्या जातींत नाकातून जाणं सर्वांत सोपं कुठे असेल, तर ते इथे.

सायनसमध्ये शिरलेल्या मोठ्या गाठींसाठी शंभर वर्षं वेगळाच रस्ता रूढ होता. 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेल यांनी आणि 1897 मध्ये पॅरिसच्या आँरी ल्यूक यांनी, एकमेकांना न विचारता, वरचा ओठ उचलून, सुळ्याच्या वरच्या हाडात खिडकी पाडून सायनसमध्ये उतरायची पद्धत मांडली. 'कॉल्डवेल-ल्यूक' हे नाव जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजून आहे. या पद्धतीत दिसतं छान, हात मोकळा चालतो. पण गाल आठवडाभर सुजतो, काहींचा ओठ आणि वरचे दात बधिर होतात, आणि ती बधिरता कधी महिनोन्‌महिने राहते. शिवाय या ऑपरेशनच्या व्रणात अडकलेल्या त्वचेपासून पुढे दहा-वीस वर्षांनी काहींना नवीच गाठ तयार होते. जपानमध्ये हे ऑपरेशन एके काळी फार झालं, त्यामुळे अशा गाठींवरचं बरंच वैद्यकीय लिखाण तिथलंच आहे.

नाकाचा रस्ता खुला झाला तो दुर्बिणीमुळे. हॅरल्ड हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या कांड्यांची दुर्बीण रचली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी ती नाकात घालून सायनसमधला शेंबूड कुठल्या वाटेने वाहतो, याचा चिकाटीने अभ्यास केला. त्यांचे शिष्य हाइन्त्स श्टामबर्गर आणि अमेरिकेतले डेव्हिड केनेडी यांनी 1980 च्या दशकात ही शस्त्रक्रिया जगभर पोचवली. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीही 'दुर्बिणीचं नाकाचं ऑपरेशन' म्हटलं की लोकांना समजतं. दातांच्या गाठींसाठी तीच वाट वापरणं, ही त्याच्या पुढची पायरी.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगतो. पूर्ण भूल दिली जाते. रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून नाकात औषधाच्या पट्ट्या ठेवतात. मग 4 मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते. समोर बघणारी एक, आणि 30, 45, 70 अंशांत वाकडं बघणाऱ्या दुसऱ्या. या वाकड्या नजरेशिवाय सायनसचे कोपरे दिसत नाहीत. नाकाच्या बाजूच्या भिंतीवर मांसल कांड्या असतात, ज्यांना आपण 'मांस वाढलंय' म्हणून उगाच बदनाम करतो. त्यांतली खालची कांडी बाजूला सारून तिच्याखालच्या भिंतीत खिडकी पाडतात, किंवा मधल्या कांडीखालचं सायनसचं मूळचं दार रुंद करतात. गाठ पुढच्या कोपऱ्यात असेल तर डोळ्यातलं पाणी नाकात आणणाऱ्या अश्रुनलिकेच्या पुढून वाट काढतात. ती नलिका खालच्या कांडीखालीच उघडते, म्हणून तिला जपणं हे या शस्त्रक्रियेतलं मोठं कसब. तिला धक्का लागला तर पुढे डोळा सतत पाणावत राहतो.

गाठीपर्यंत पोचल्यावर दोन गोष्टी करता येतात. पिशवी मुळासकट सोलून काढायची, किंवा तिची नाकाकडची भिंत भरपूर कापून ती कायमची नाकात उघडी करून द्यायची. दुसरा प्रकार ऐकून लोक बिचकतात. "म्हणजे गाठ आतच ठेवणार?" असं मामींनीही विचारलं होतं. पूर्वी गावोगावी धान्याची पेवं असत, तोंड लिंपलेली, जमिनीखाली. तोंड बंद तोवर आतली उष्ण कोंदट हवा आतच. तोंड मोठं उघडलं की ते पेव उरत नाही, नुसता खड्डा होतो. गाठीचंही तसंच. पाणी साचून दाब वाढतो म्हणून ती वाढते. दाबच उरला नाही की ती वाढायची थांबते, भोवतालचं हाड हळूहळू भरून येतं आणि पिशवीची आतली त्वचा नाकाचाच भाग होऊन जाते. अट एकच, खिडकी मोठी हवी. लहान ठेवली तर व्रण भरताना ती मिटते आणि गाठ पुन्हा तयार. कार्ल पार्श या जर्मन सर्जनने 1892 मध्ये गाठ तोंडात उघडी करून ठेवायची हीच युक्ती मांडली होती, पण तोंडातल्या खड्ड्यात अन्न अडकतं, तो रोज धुवावा लागतो. नाकात तो उपद्व्याप नाही.

कुठल्याही पद्धतीने काढली तरी पिशवीचा तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला गेलाच पाहिजे. हा मुद्दा ठासून सांगावासा वाटतो. बाहेरून साध्या सिस्टसारखी दिसणारी गाठ कधी अमेलोब्लास्टोमा नावाचा जबड्यातला ट्यूमर निघते, कधी केरॅटोसिस्ट, क्वचित कॅन्सरही. मिश्री, तंबाखू, गुटखा यांची सवय असणाऱ्यांनी तर हा अहवाल हातात घेतल्याशिवाय विषय संपला असं समजू नये.

नाकाची वाट सगळ्यांना लागू पडते असं मात्र नाही. पुढच्या दातांच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ असेल तर तोंडातून, हिरडी उचलून, मुळाचं टोक कापून ती काढणंच सरळ आणि स्वस्त. तिथे नाकातून जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. गाठ नाकाच्या किंवा सायनसच्या भिंतीला भिडलेली हवी, किंवा आत शिरलेली. केरॅटोसिस्टमध्ये पिशवीचा कणही मागे राहू नये असं डॉक्टरांना वाटलं, तर ते दोन्ही वाटा एकत्र वापरतील. दात काढलेल्या जागी तोंड आणि सायनस यांच्यामध्ये भोक पडलं असेल, पाणी पिताना ते नाकातून येत असेल, तर ते भोक तोंडाच्या बाजूनेच बुजवावं लागतं. म्हणून संमतिपत्रावर सही करताना विचारून घ्या, की मध्येच गरज पडली तर तोंडातूनही जाणार का. पडू शकते, आणि त्यात डॉक्टरांची चूक नसते.

आता मूळ गोष्ट. नाकातून गाठ काढली आणि दाढ तशीच ठेवली, तर कारण जागेवरच राहिलं. मेलेल्या दाताचं रूट कॅनॉल करायचं की तो काढून टाकायचा, हे ऑपरेशनआधी ठरायला हवं आणि शक्यतो तेही आधी किंवा त्याच वेळी व्हायला हवं. दात जिवंत आहे की मेलेला, हे दंतवैद्य थंड स्पर्शाने किंवा बारीक विजेच्या झटक्याने पाहू शकतात. पाच मिनिटांचं काम. टाळूच्या मधोमध झालेल्या गाठीत पुढचे दात जिवंत असतात. ही तपासणी न करता एक्स-रेवर विसंबून चार चांगल्या दातांचं रूट कॅनॉल झालेली माणसं आहेत. उलट, गाठीच्या पोकळीत दिसणारी सगळी मुळं दोषी नसतात. कधी कधी ती नुसती शेजारी असतात.

अडचण ही की दंतवैद्य एकीकडे बसतात आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ दुसरीकडे. एक म्हणतो हे नाकाचं, दुसरा म्हणतो हे दाताचं, आणि रुग्ण रिक्षाने हेलपाटे घालतो. मामांच्या वेळी आम्ही तेच केलं. आज सांगेन, की दोघांची गाठ घालून द्या. निदान दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलावं असा आग्रह धरा, सीटी स्कॅनची सीडी दोघांनाही दाखवा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या आवारातच आहे, गोव्यात बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि दंत महाविद्यालय शेजारी आहेत. अशा ठिकाणी दोन्ही खात्यांना एकत्र दाखवणं सोपं जातं.

तपासणीत दातांचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, सुरुवातीला पुरतो. पण नाकातून जायचं ठरलं की सीटी किंवा कोन-बीम सीटी लागतोच. अश्रुनलिका, नाकाचा तळ, डोळ्याची खोबण, दातांची मुळं हे सगळं तीन बाजूंनी दिसल्याशिवाय सर्जन आत जात नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण मनाने बंद करू नका. ज्यांनी त्या दिल्या, त्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. मधुमेह्यांनी एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी. वरचे दात एकाएकी हलायला लागले, गाल बधिर झाला, टाळूवर काळपट डाग दिसला, तर त्याला सिस्ट समजून वाट बघायची नाही. 2021 मध्ये कोरोनानंतर काळ्या बुरशीने महाराष्ट्रात कितीजणांचे वरचे जबडे काढावे लागले, ते आपण पाहिलंय. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

पैशांचं थोडक्यात. बऱ्याच आरोग्यविम्यांत दातांचे उपचार वगळलेले असतात आणि सायनसच्या शस्त्रक्रियेला सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं. ही गाठ दोन्हींच्या सीमेवर बसते, त्यामुळे दावा अडकायला वेळ लागत नाही. पॉलिसीची कलमं वाचा आणि दाखल होण्याआधी विमा कंपनीची लेखी मंजुरी घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारावं.

ऑपरेशननंतर बहुतेकांना एक-दोन दिवसांत घरी सोडतात. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून माणूस लगेच कामाला लागतो आणि तिथेच चुकतं. डॉक्टर परवानगी देईपर्यंत, साधारण दोन आठवडे, नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. जड पोतं उचलणं, खाली वाकून जोर लावणं, शौचाला कुंथणं टाळायचं. शंख, तुतारी, सनई, मुलांचे फुगे, सगळं बंद. कपालभाती आणि अनुलोम-विलोमही तोवर नाही. रोज जलनेती करणारे विचारतात, आमची सवय आहे, चालेल ना? डॉक्टर सांगतील तेव्हापासून नाक धुवायचंच असतं, उलट ते महत्त्वाचं असतं, नाहीतर आत खपल्या साचतात. पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं किंवा विहिरीचं कधीही नाही. एक लिटरला 9 ग्रॅम मीठ, किंवा औषधाच्या दुकानातली तयार पुडी.

पहिले काही दिवस नाकातून रक्तमिश्रित पाणी येतं, नाक चोंदतं, वरचे दात जरा बधिर वाटतात. घाबरायचं कारण नाही. पण डोळ्याभोवती सूज आली, नजर अंधूक झाली किंवा एकाचे दोन दिसायला लागले, रक्त थांबेचना, ताप चढला, खाली वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाण्याची धार लागली, तर रात्र असली तरी रुग्णालयात फोन करायचा. आठवड्या-दोन आठवड्यांनी डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालून खपल्या काढतात. या फेऱ्या चुकवू नयेत. खिडकी उघडी राहिली की नाही, ते तिथेच कळतं. नाकाच्या वाटेचा हा एक न मोजलेला फायदा आहे: पुढेही ओपीडीत दोन मिनिटांत आत डोकावता येतं. केरॅटोसिस्ट असेल तर निदान पाच वर्षं नियमित तपासणी हवी, काही डॉक्टर त्याहून जास्त सांगतात.

मामांना सगळ्यांत जड गेली ती तपकीर. चाळीस वर्षांची सवय. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी खिसे चाचपले, तेव्हा डबी मामींनी आधीच लंपास केलेली होती. दाढ ऑपरेशनच्या आठवडाभर आधी काढली होती, तीही मामांनी पुडीत बांधून घरी आणली, काय म्हणून कुणास ठाऊक. पॅथॉलॉजीचा अहवाल, सीडी आणि जुना एक्स-रे आता एका प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात सातबाराच्या उताऱ्यांशेजारी आहेत. पुढच्या तपासणीची तारीख मामींनी भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवली आहे. त्या चौकोनात दुधाचा हिशोब आधीच होता, म्हणून त्यांनी तारखेभोवती लाल गोल काढलाय. हंगाम तेव्हाही जोरात असणार आहे.